वर्तमानपत्रांचं टेबल : रायपूरची वाचनालयं आणि आपली मराठी मंडळी



आजचा विषय वाचनालय. शंकर नगरात बसून आपण हे बोलतोय, आणि इथून काही किलोमीटरवर, जुन्या रायपुरात, ब्राह्मणपारा आणि कंकाली तलावाच्या बाजूला, एक वाचनालय आहे. नाव आनंद समाज वाचनालय, स्थापना १९०८. आपल्यातले किती तरी जण त्या रस्त्यावरून शेकडो वेळा गेले असतील. पण १९०८ हे साल नीट पाहिलं, तर हे वाचनालय फार विचित्र वेळी सुरू झालं असं लक्षात येतं. त्या वर्षी या देशात वर्तमानपत्र छापणं धोक्याचं झालं होतं. नेमक्या त्याच वर्षी वर्तमानपत्रं एकत्र बसून वाचायची जागा रायपुरात उभी राहिली.

आज हाच धागा धरून जाऊ. वाचनालय म्हटलं की पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढे येतात. पण जुन्या काळच्या वाचनालयाचा जीव कपाटात नव्हता, तो बाहेरच्या खोलीतल्या लांब टेबलावर होता. तिथे वर्तमानपत्रं असत, तिथेच बातमी कळे, तिथेच वाद होई, आणि गावातली बरीचशी सार्वजनिक कामं तिथेच ठरत. या टेबलाचा इतिहास म्हणजे आजचा भाग.

मराठी माणूस इथे आला कसा

हे थोडक्यात सांगतो, कारण यावर वेगळं बोलायला हवं. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत १७४१ साली रतनपूरवर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले, ते १७८७ मध्ये वारेपर्यंत. त्यांच्यानंतर सुभेदारी आली. १८१८ नंतर काही वर्षं कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला, आणि त्या वेळी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हललं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला.

या शंभर-सव्वाशे वर्षांत कारकून, वकील, शिक्षक, पुजारी, वैद्य, शिपाई अशी मराठी कुटुंबं येत राहिली. तात्यापारा हे नाव आजही त्याची साक्ष देतं. मग रेल्वे आली. मुंबई-नागपूर रेल्वेने जोडलं गेलं होतंच. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने १८९१ पर्यंत नागपूर थेट आसनसोलला जोडलं, आणि त्या रस्त्यावर रायपूर होतं. आपल्या विषयाला ही रेल्वे फार महत्त्वाची आहे. पुण्या-मुंबईचं, नागपूरचं, कलकत्त्याचं वर्तमानपत्र आता टपालाने नियमित येऊ शकत होतं. बातमी शिळी असायची, पण यायची.

वाचनालय ही कल्पना कुठली

आपल्या मराठी मुलखात सार्वजनिक वाचनालयांची सुरुवात फार लवकर झाली. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कल्याणचं १८६४ चं. म्हणजे मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं, त्याच्या आधी यातली बहुतेक वाचनालयं चालू झालेली होती. सुरुवातीला त्यांचं नाव असायचं ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. नावातच दिसतं, की साहेबांच्या लायब्रऱ्या वेगळ्या आणि ही ‘नेटिव्हां’ची वेगळी. पुढाकार अनेकदा एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचा असे, पैसे गावातले सरदार, सावकार आणि वकील देत. पुस्तकं बरीचशी इंग्रजी.

महाराष्ट्राबाहेरही ही पद्धत मराठी माणसांच्या संगतीने गेली. इंदूरची जनरल लायब्ररी १८५४ ची. आणि मग शतकाच्या शेवटी एक बदल झाला. १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं, विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने. तेच भावे ज्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. या दोन संस्थांच्या नावातला ‘मराठी’ हा शब्द हेतूने घातलेला होता. इंग्रजी शिकलेल्या माणसाने मराठी पुस्तक विकत घेणं कमीपणाचं मानायचे दिवस होते ते. छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक जपायचं, असं या लोकांनी ठरवलं. हैदराबादेत, निजामाच्या राज्यात, मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ मध्ये उभं राहिलं. तिथे तर सरकारची भाषा उर्दू. तिथल्या मराठी माणसाला आपली भाषा वाचायची जागा म्हणजे ते वाचनालय.

रायपूरला परिस्थिती आणखी निराळी होती. इथे आजूबाजूला छत्तीसगढी बोलली जाई, कचेरीत हिंदी आणि इंग्रजी, घरात मराठी. या माणसाने वाचनालय कोणत्या भाषेत काढायचं? त्याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं.

माधवराव सप्रे

माधवराव सप्रे १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी जन्मले. घर मराठी. शिक्षण बिलासपूर, रायपूर आणि पुढे कॉलेजचं. सरकारी नोकरी सहज मिळाली असती, ती त्यांनी घेतली नाही. पेंड्रा इथल्या राजकुमारांना शिकवायची नोकरी धरली, आणि त्या पगाराच्या आधारावर जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचं मासिक सुरू केलं. सोबतीला रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे. तिन्ही नावं पाहा, तिन्ही मराठी. आणि मासिक हिंदी.

पेंड्रा म्हणजे त्या काळी जंगलातलं गाव. तिथे छापखाना नव्हता. मजकूर पेंड्र्यात तयार व्हायचा आणि छापायला आधी रायपूरला, नंतर नागपूरला जायचा. या मासिकातल्या पुस्तक-परीक्षणांमुळे हिंदीत समालोचनेची वाट पडली असं हिंदीचे अभ्यासक मानतात. १९०१ मध्ये त्यात छापून आलेली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये धरली जाते. पहिलीच, असंही अनेक जण म्हणतात.

आणि तरी हे मासिक तीन वर्षांत बंद पडलं. १९०२ च्या अखेरीस. कारण साधं आहे, पैसा. लेख चांगले होते, नाव झालं होतं, पण मासिकाला वर्गणीदार लागतात आणि वर्गणी वेळेवर यावी लागते. छत्तीसगढात तेव्हा साक्षर माणसं मूठभर, त्यांतली हिंदी मासिक विकत घेणारी आणखी थोडी.

इथे वाचनालयाचा संबंध येतो. एक अंक एका घरी गेला तर घरातले दोन-तीन लोक वाचतात. तोच अंक वाचनालयाच्या टेबलावर ठेवला तर महिनाभरात पन्नास माणसं वाचतात, आणि ज्यांना वाचता येत नाही ते ऐकतात. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत आपल्याकडे सर्वत्र होती. म्हणजे गरीब प्रदेशात मासिक-वर्तमानपत्राला खरा वाचक मिळवून द्यायचा असेल, तर वाचनालयं हवीत. लेखक आणि छापखाना ही दोन टोकं झाली. मधला पूल वाचनालयाचा. ‘छत्तीसगढ मित्र’ निघालं तेव्हा हा पूल इथे जवळजवळ नव्हता.

१९०८ साली काय घडत होतं

आता त्या सालाकडे येऊ. एप्रिल १९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. टिळकांच्या ‘केसरी’तले लेख हिंदीत द्यायचे, हा उद्देश. ‘केसरी’ १८८१ पासून मराठीत निघत होता. पण मराठी न वाचणाऱ्या माणसापर्यंत टिळक पोचायचे तर भाषांतर हवं. ते काम घरी मराठी आणि बाहेर हिंदी असलेला माणूसच नीट करू शकत होता.

जून १९०८ मध्ये सरकारने वर्तमानपत्रांसाठी नवा कायदा केला. चिथावणीचा मजकूर छापला असं ठरलं, तर छापखानाच जप्त करता येईल अशी त्यात तरतूद होती. त्याच महिन्यात टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. ते मंडालेला गेले. नागपुरात ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर पकडले गेले. ऑगस्टमध्ये सप्र्यांनाही अटक झाली.

पुढची गोष्ट अवघड आहे, पण ती सांगायलाच हवी. घरच्यांचा, विशेषतः थोरल्या भावाचा, फार दबाव आला. सप्र्यांनी माफीपत्रावर सही केली आणि नोव्हेंबरमध्ये ते सुटले. ही गोष्ट त्यांना आयुष्यभर लागून राहिली. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, वर्ध्याच्या बाजूला रामदासी संप्रदायाच्या आश्रयाने राहिले, दासबोध वाचला, आणि मग त्याचं हिंदी भाषांतर केलं. पुढे टिळकांचं ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये आलं. त्याचं हिंदी रूपही सप्र्यांचंच. आज उत्तर भारतात कुणाच्या घरी जुनं ‘गीतारहस्य’ असेल, तर ते रायपूरच्या या माणसाच्या हिंदीत असण्याची शक्यता मोठी आहे.

तर हे १९०८. संपादक तुरुंगात, छापखाने जप्तीच्या धाकात. आणि रायपुरात आनंद समाज वाचनालय निघतं.

थोडा विचार करू. संपादकाला पकडता येतं, कारण अंकावर त्याचं नाव असतं. छापखाना जप्त करता येतो, कारण १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापणाऱ्याचं नाव-ठिकाण प्रत्येक प्रतीवर छापावं लागे. वर्गणीदारसुद्धा सापडतो, कारण टपालाने जाणाऱ्या अंकावर त्याचा पत्ता असतो. सरकारी नोकराने ‘केसरी’ घरी मागवणं हे त्या काळी धाडसाचं होतं. पण वाचनालयाच्या टेबलावर कोण काय वाचून गेलं, याची नोंद कुठेच राहत नाही. कारकून संध्याकाळी येतो, चार पत्रं चाळतो, त्यांतलं एक नीट वाचतो आणि घरी जातो. ‘आनंद समाज’ हे नावही तसं निरुपद्रवी. त्या नावावरून कुणाला राजकारणाचा वास येणार नाही. ते नाव याच विचाराने ठेवलं असं म्हणायचा माझा हेतू नाही. पण अशा जागेचा उपयोग काय होतो, हे पुढच्या बारा वर्षांत दिसून आलं.

टेबलाभोवतीची माणसं

१९१० च्या कायद्याने वर्तमानपत्रांकडून जामीन-रक्कम मागायची सोय सरकारला मिळाली, आणि अनेक लहान पत्रं त्यातच बुडाली. तशा काळात गावोगावची वाचनालयं ही सभा घ्यायची, भेटायची, पाहुण्या वक्त्याला बोलवायची नेहमीची जागा झाली. वाचनालयाला खोली असते, दिवा असतो, बसायला सतरंजी असते, आणि बोलावणं पाठवायला सभासदांची यादी असते. सभेला एवढंच तर लागतं!

रायपुरात वामनराव लाखे यांचं नाव याच काळात पुढे आलं. ‘छत्तीसगढ मित्र’चे तेच लाखे. सहकारी चळवळ इथे रुजवण्यात त्यांचा मोठा हात. सरकारने त्यांना रावसाहेब ही पदवी दिली होती, ती असहकाराच्या काळात त्यांनी परत केली. आजचं लाखे नगर त्यांच्याच नावाचं. सप्रे रायपूरला परतले होते, मुलींच्या शिक्षणासाठी धडपडत होते.

डिसेंबर १९२० मध्ये, नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या आधी, गांधीजी छत्तीसगढात येऊन गेले असं इथली परंपरा सांगते, आणि आनंद समाज वाचनालयाच्या आवारात त्यांची स्त्रियांची सभा झाली अशी शहरात आठवण सांगतात. या आठवणीतला मला महत्त्वाचा वाटतो तो शब्द ‘वाचनालय’. स्त्रियांच्या सभेसाठी शहराला जी जागा आठवते ती देऊळ नाही, कुणाचा वाडा नाही, शाळाही नाही. एरवी या खोलीत बायका फारशा जात नसणार. सभेच्या निमित्ताने त्यांच्यासाठी तिचं दार उघडलं.

‘सार्वजनिक’ म्हणजे कुणाचं

यावरून एक प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. या वाचनालयांच्या पाटीवर ‘सार्वजनिक’ लिहिलेलं असे. पण आत कोण येऊ शकत होतं?

वर्गणी आणि अनामत भरावी लागे, म्हणजे गरीब बाहेर. लिहिता-वाचता येणं हवं, म्हणजे त्या काळचे बहुतेक सगळे बाहेर. बायकांना संध्याकाळी पुरुषांच्या खोलीत जाऊन बसणं शक्य नव्हतं. आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला त्या टेबलाला हात लावू दिला असता का? देवळात आणि विहिरीवर जे होतं, ते वाचनालयाच्या उंबऱ्यावर आपोआप थांबत नव्हतं.

याला दोन बाजूंनी उत्तर आलं. एक बडोद्याहून. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर केलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की शाळेत शिकलेला मुलगा पुढे वाचायला काही मिळालं नाही तर अक्षरं विसरतो. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. मोठं मध्यवर्ती ग्रंथालय झालं, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. खेड्याने काही पैसे जमवावेत, तेवढेच स्थानिक मंडळाने आणि तेवढेच सरकारने घालावेत, असा हिशेब होता. ही गोष्ट हुशारीची. फुकट मिळालेल्या वाचनालयाची गाव काळजी घेत नाही, आणि एकट्या गावाच्या पैशावर ते टिकत नाही. दोन्ही बाजू सयाजीरावांनी धरल्या.

दुसरं उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयं काढणं हेही होतं. ज्यांना दुसऱ्यांच्या टेबलावर जागा नाही, त्यांनी आपलं टेबल मांडायचं. स्वतः बाबासाहेबांनी पुढे मुंबईत ‘राजगृह’ बांधलं ते मुख्यतः पुस्तकं ठेवायला, हे आपल्याला माहीत आहेच.

मग १९३१ मध्ये रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं, असा त्यांचा रोख. आज ऐकताना साधी वाटतात. पण साखळीने बांधलेली पुस्तकं आणि कुलूपबंद कपाटं यांच्या काळात ‘प्रत्येक वाचक’ हे दोन शब्द फार मोठे होते.

घरात मराठी, बाहेर हिंदी

आता पुन्हा रायपूर. १९३० च्या दशकात इथे महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. आज ते चौबे कॉलनीत आहे, संत ज्ञानेश्वर शाळा चालवतं, आणि शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांत त्याची महिला केंद्रं आहेत, आपल्या शंकर नगरातही. मराठी माणूस परगावी गेला की तीन गोष्टी करतो असं गमतीने म्हणतात: गणपती बसवतो, नाटक बसवतो आणि वाचनालय काढतो. तिसऱ्या गोष्टीचा खर्च सगळ्यात कमी आणि ती टिकवणं सगळ्यात कठीण. गणपतीला दहा दिवस माणसं येतात. वाचनालयाला वर्षाचे सगळे दिवस कुणी तरी कुलूप उघडायला लागतं.

परगावच्या मराठी वाचनालयाचा कणा म्हणजे दिवाळी अंक. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि ती प्रथाच पडली. गंमत पाहा, हे मित्र नावावरून बंगाली वाटतात, पण मुळातले मराठीच. सप्र्यांनी मराठी घरातून येऊन हिंदीची सेवा केली, मित्रांनी मराठीची. दिवाळी अंकांची योजना तुम्हाला माहीत आहे: एकदा वर्गणी भरायची, आणि एक-एक अंक वाचून परत करत दोन-तीन महिने पुरवायचे. एकट्या कुटुंबाला वीस अंक परवडत नाहीत; तीस कुटुंबांना मिळून सहज परवडतात.

भाषेची ही दुहेरी रीत एकट्या सप्र्यांपुरती नव्हती. रायपूरहून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवत होते, १९६४ मध्ये वारेपर्यंत. हिंदीतले केवढे मोठे कवी! आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी. एका घरातले दोन भाऊ, दोन भाषांत.

आणि १९८१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रायपूरला भरलं. अध्यक्ष गंगाधर गाडगीळ. मराठीची राजधानी म्हणावी अशा गावांपासून इतक्या लांब संमेलन भरवायचं तर निवासापासून पंगतीपर्यंत सगळं इथल्या माणसांना करावं लागणार, आणि त्यासाठी आधी इथे मराठी वाचणारी माणसं हवीत. ती आकाशातून पडत नाहीत. कुणी तरी वर्षानुवर्षं पुस्तकं मागवली, अंक फिरवले, म्हणून ती असतात.

पैसा आणि कायदा

आता व्यवहाराचं बोलू. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. गावातल्या लोकांनी चालवलेल्या वाचनालयाला शासन मान्यता देतं, अ, ब, क, ड असे वर्ग ठरवतं आणि त्याप्रमाणे अनुदान देतं. अशी अकरा-बारा हजार वाचनालयं तिथे आहेत. अनुदान अपुरं आहे, सेवकांचे पगार तुटपुंजे आहेत, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. पण एक आधार आहे.

परराज्यातल्या मराठी वाचनालयाला तो आधार नाही. महाराष्ट्राचा कायदा त्याच्या सीमेबाहेर चालत नाही, आणि इथल्या सरकारने मराठी पुस्तकांची आधी काळजी घ्यावी अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करणार? म्हणजे ते वाचनालय पूर्णपणे सभासदांवर उभं. सभासदांची पुढची पिढी हिंदी आणि इंग्रजीत शिकली. तिला मराठी बोलता येतं, वाचताना अडखळतं. म्हणून परगावच्या मराठी वाचनालयावरची खरी टांगती तलवार वाचकाची आहे. पैशाची अडचण तिच्या नंतर येते.

दुसरीकडे हेही पाहा. २०१८ मध्ये रायपुरात नालंदा परिसर सुरू झाला, चोवीस तास उघडा. रात्री दोन वाजता तिथे मुलं अभ्यास करत असतात. बहुतेक जण स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे. आनंद समाज वाचनालयाच्या इमारतीचंही अलीकडे नूतनीकरण झालं. तेव्हा ‘वाचनालयात कुणी जात नाही’ हे खरं नाही. मुलं जातात, भरपूर जातात. फरक एवढाच, की आजचा विद्यार्थी आपली पुस्तकं घेऊन येतो, आपल्या खुर्चीवर बसतो, कुणाशी बोलत नाही आणि निघून जातो. त्याला शांतता हवी असते, आणि ती त्याची गरज रास्त आहे. पण जुन्या टेबलाभोवती अनोळखी माणसं एकाच बातमीवर बोलायची, ते काम या खोलीत होत नाही. ते काम आज मोबाइलवर होतं, आणि तिथे समोर बसलेला माणूस दिसत नाही. वाद हातघाईवर आला तर ‘अहो, हळू बोला’ म्हणणारा ग्रंथपाल तिथे नसतो.

म्हणून वाचनालयाने चालवलेले लहान उपक्रम मला महत्त्वाचे वाटतात. मुलांना शनिवारी गोष्ट वाचून दाखवणं, महिन्यातून एकदा एका पुस्तकावर दहा माणसांनी बोलणं, ज्येष्ठांना फॉर्म भरायला मदत करणं, सूचना फलकावर वस्तीतली बातमी लावणं. यात नवीन काहीच नाही. १९०८ च्या टेबलाचंच हे काम आहे.

आपल्या हातात काय आहे

शेवटी एक मुद्दा, आणि तो तुमच्यासाठी आहे.

वाचनालयाचा इतिहास त्याच्या पुस्तकांत फारसा नसतो. तो तीन वह्यांत असतो. पहिली दाखल नोंदवही: कोणतं पुस्तक कधी आलं, किती किमतीला, कुणी भेट दिलं. दुसरी देवघेवीची वही: कोणी काय नेलं आणि कधी परत केलं. तिसरी इतिवृत्ताची वही: सभेत काय ठरलं, कोणत्या पत्राची वर्गणी बंद केली, कोणाला व्याख्यानाला बोलावलं, कुणाच्या निधनाचा ठराव झाला. या तीन वह्या असल्या, तर शंभर वर्षांपूर्वी एखादं शहर काय विचार करत होतं ते कळतं. कोणत्या साली बायकांची नावं सभासदांत दिसू लागली, हे इतर कुठल्याच कागदात मिळणार नाही.

आणि नेमक्या याच वह्या रद्दीत जातात. पुस्तक टाकताना माणसाचा हात थांबतो. जुन्या जमाखर्चाची वाळवी लागलेली वही टाकताना कुणीच थांबत नाही.

हे थांबवता येतं याचं उदाहरण आहे. भोपाळमध्ये १९८४ साली विजयदत्त श्रीधर यांनी जुनी वर्तमानपत्रं जमवायला सुरुवात केली, आणि त्यातून माधवराव सप्रे यांच्या नावाचं समाचारपत्र संग्रहालय उभं राहिलं. आज संशोधक तिथे लांबून येतात. घरोघरच्या माळ्यांवरची रद्दीच ती, एका ठिकाणी नीट लावलेली. मराठीत शंकर गणेश दाते यांनी असंच केलं: १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती तयार केली, ती १९४३ मध्ये छापून आली. ते व्यवसायाने ग्रंथपाल नव्हते. गावोगावच्या वाचनालयांत जाऊन त्यांनी पुस्तकं पाहिली. ती वाचनालयं नसती, तर ती सूचीही नसती.

तेव्हा एवढं करा. तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत जुन्या वाचनालयाची वर्गणीची पावती, सभासद कार्ड, सभेची निमंत्रण पत्रिका, पुस्तकावरचा गोल शिक्का, असं काही असेल तर टाकू नका. मोबाइलवर त्याचा फोटो काढा, मागे साल आणि गाव लिहून ठेवा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांना विचारा: तुम्ही वर्तमानपत्र कुठे वाचत होता? कोण मोठ्याने वाचायचं? आजी तिथे जात होत्या का? नसतील, तर पुस्तक घरी कोण आणून द्यायचं? उत्तर मिळेल ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. आणि तुमच्या वस्तीतल्या वाचनालयाचं सभासदत्व घ्या, मग ते मराठी असो की हिंदी. सप्र्यांनी ती निवड करायचं नाकारलं होतं. आपणही नाकारू या.

‘छत्तीसगढ मित्र’ तीन वर्षांत बंद पडलं, कारण त्याला पुरेसे वाचक मिळाले नाहीत. पण त्याची पानं कुणी तरी जपली, म्हणून आज आपण त्याबद्दल बोलू शकलो.